सेवेची सहल

शाळेची सहल म्हटली की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे रायगड, वेरूळ, महाबळेश्वर ही नावे उभी राहतात. एसटीची लाल गाडी, घरून बांधून दिलेला डबा, वाटेतल्या गाण्याच्या भेंड्या एवढ्यावर ती सहल संपत असे आणि तिच्याकडून कोणी अधिक अपेक्षाही करीत नसे. अलीकडे मात्र सहलीच्या पत्रकात एक वजनदार शब्द दाखल झाला आहे. तो शब्द म्हणजे सेवा. काही दिवस सेवाकार्य, उरलेले दिवस स्थलदर्शन, अशी आखणी पालकांपुढे ठेवली जाते. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याचे आनंदवन हे अशा सहलींचे आवडते ठिकाण. जोडीला भद्रावतीची विजासन लेणी आणि ताडोबाच्या जंगलातला वाघ, दिसला तर.

अशा सहलीचा विषय निघाला की पालकांमध्ये हमखास दोन आक्षेप ऐकू येतात. पहिला असा की, सेवाच करायची असेल तर वाघ कशाला? कुष्ठरोग्यांच्या वसाहतीतून निघून थेट जंगलाच्या जीपमध्ये बसणे मनाला पटत नाही. दुसरा आक्षेप हिशेबाचा आहे. समजा चाळीस मुले निघाली आणि प्रत्येकी पाच हजार रुपये खर्च आला, तर दोन लाख रुपये होतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांनी तीन-चार दिवसांत उपटलेले तण आणि वाहिलेल्या विटा यांचे मोल दोन लाख भरेल काय? त्यापेक्षा तेवढी रक्कम संस्थेला पाठवून द्यावी, म्हणजे खरी सेवा घडेल.

दोन्ही आक्षेप प्रामाणिक आहेत आणि त्यांना प्रामाणिक उत्तर देणे भाग आहे. आम्ही दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तो अधिक कठीण आहे.

सेवा हाच सहलीचा हेतू असेल, तर हिशेब मांडणाऱ्या पालकांचे म्हणणे बिनतोड आहे. मुलांच्या श्रमांपेक्षा त्यांच्या प्रवासभाड्याने संस्थेचे अधिक भले झाले असते. तरीही शाळा सहल काढतात आणि आपण मुलांना पाठवतो, याचा अर्थ सहलीचा खरा हेतू निराळा आहे. मुलांचे मन घडावे, त्यांना आपल्या घराबाहेरचे जग कळावे, हा तो हेतू होय. म्हणजे या सहलीत लाभार्थी आपली मुले आहेत. हे कबूल करण्यात कसलाही कमीपणा नाही. मात्र ते लपवून आपण काही देण्यासाठी चाललो आहोत अशा आविर्भावात निघालो, तर पहिल्या पावलालाच खोटेपणा शिरतो.

तथापि हे कबूल केल्यावर एक अधिक अवघड प्रश्न उभा राहतो. आपल्या मुलाचे मन घडावे म्हणून दुसऱ्याचे दुःख वापरण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? जर्मन तत्त्ववेत्ता इमॅन्युएल कांट याने १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या नीतिविषयक ग्रंथात असे प्रतिपादन केले की, माणसाला केव्हाही केवळ साधन म्हणून वागवू नये. यातला ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. गाडीचालक, शिक्षक, दुकानदार हे सारे रोज एकमेकांच्या उपयोगी पडतात आणि त्यात अनीती नाही, कारण तिथे दोघांची संमती असते आणि दोघांचेही काही साधत असते. परंतु बोटे झडलेला एक हात मुलांना दाखवून त्यांच्या डोळ्यांत पाणी आणायचे आणि पुढे निघायचे, यात त्या हाताच्या मालकाची संमती कुठे आहे? वर्गातल्या भिंतीवरचा नकाशा आणि तो माणूस यांत मग फरक काय उरला?

ही भीती काल्पनिक नाही. परदेशांत याच वाटेने काय घडले, ते पाहण्यासारखे आहे. श्रीमंत देशांतले तरुण सुट्टीत कंबोडियाला जातात, तिथली प्राचीन मंदिरे पाहतात आणि अनाथालयांत काही दिवस मुलांशी खेळतात, अशी प्रथा पडली. पाहुण्यांबरोबर पैसा येऊ लागला, तशी अनाथालये वाढली. पुढे युनिसेफच्या पाहणीत दिसून आले की, त्या अनाथालयांतील बहुसंख्य मुलांची आई किंवा वडील हयात होते. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ सालच्या अहवालात हा विषय आधुनिक गुलामगिरीच्या प्रश्नाबरोबर हाताळला. सेवेच्या इच्छेने आलेल्या त्या तरुणांपैकी कुणाच्याही मनात वाईट नव्हते. हेतू निर्मळ असूनही कृती अपायकारक ठरू शकते, एवढे तरी त्यावरून शिकावे.

हीच गोष्ट एका धर्मगुरूने फार पूर्वी कडक शब्दांत सांगितली होती. इव्हान इलिच हे ऑस्ट्रियात जन्मलेले विचारवंत. २० एप्रिल १९६८ रोजी, मेक्सिकोच्या खेड्यांत उन्हाळी सेवेसाठी निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे त्यांचे भाषण झाले. विद्यार्थ्यांना अर्थातच कौतुकाची अपेक्षा असणार. इलिच यांनी त्यांना न जाण्याचा सल्ला दिला. ज्यांची भाषा तुम्हांला येत नाही, ते तुमच्याविषयी काय बोलतात हेही तुम्हांला कळत नाही, अशा माणसांचे भले तुम्ही कसे करणार, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. भाषणाच्या शेवटी मात्र त्यांनी एक दार उघडे ठेवले. पाहायला या, डोंगर चढायला या, शिकायला या. मदत करायला येऊ नका, असे त्यांनी सुचवले.

इथे पहिला आक्षेप आपोआप उलटा होतो. आपल्याला सेवा पवित्र आणि स्थलदर्शन उथळ वाटत होते. इलिच यांच्या मते पाहायला येणारा प्रवासी निदान प्रामाणिक असतो, कारण आपण पाहुणे आहोत हे तो जाणतो. विजासनची लेणी आनंदाने पाहावीत, ताडोबाच्या जंगलाने हरखून जावे, यात पाप नाही. सृष्टीचा आनंद घेणे हीही एक कृतज्ञता आहे. दोष स्थलदर्शनात नसून जंगलात वापरायची नजर वसाहतीत नेण्यात आहे. किंबहुना जंगलातली शिस्त तरी बरी. तिथे वाहनातून उतरायचे नाही, आवाज करायचा नाही, वाघाच्या वाटेत यायचे नाही, हे नियम आपण मुकाट्याने पाळतो. आजारी किंवा अपंग माणसाच्या खोलीत डोकावताना, न विचारता छायाचित्र काढताना तेवढेही भान राहत नाही.

मग मुलांनी आनंदवनात जाऊच नये काय? आमचे मत तसे नाही; आणि याचे कारण आनंदवनाच्या इतिहासातच सापडते. बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समितीची स्थापना केली आणि १९५१ साली वरोऱ्याच्या माळरानावर आनंदवन उभे राहिले. आरंभीचे भांडवल सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये एवढेच होते, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. बाबांचा भर दानावर नव्हता. दानाने माणूस खचतो आणि कामाने उभा राहतो, या विश्वासावर त्यांनी शेती, हातमाग, सुतारकाम असे उद्योग रुग्णांच्या हाती दिले. ज्या हातांकडे समाज भिकेसाठी पसरलेले हात म्हणून पाहत होता, ते हात धान्य पिकवू लागले आणि कापड विणू लागले. अशा ठिकाणी जाणारा मुलगा दाता होऊच शकत नाही. तो पाहुणा असतो. तिथले अन्न तो खातो आणि हातमागापाशी बसला तर त्याच्या हातून धागा तुटतो, तेव्हा विणकर त्याचा गुरू होतो.

शिवाय तिथे पाहण्यासारखे जे आहे, ते रुग्णाचे व्यंग नव्हे. कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो. १९८० च्या दशकापासून बहुविध औषधोपचार पद्धती उपलब्ध आहे आणि उपचार सुरू झाल्यावर रोग पसरण्याचे भय लवकरच नाहीसे होते. असे असूनही बरी झालेली माणसे आपापल्या गावी का परतली नाहीत, हा प्रश्न मुलांना पडायला हवा. कारण त्यांच्या घरांनी दारे लावून घेतली होती. आपल्या देशात २०१९ साली कायदा दुरुस्त होईपर्यंत जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कायदेशीर कारण होते. म्हणजे आनंदवनात मुलाला खरे दर्शन घडते ते रुग्णाला नाकारणाऱ्या समाजाचे, पर्यायाने आपलेच.

पाहणे इतके सखोल झाले, तर त्यातून काय निपजते याचेही उदाहरण याच परिवारात आहे. १९७० च्या सुमारास बाबा आमटे आपल्या मुलांना घेऊन भामरागडच्या जंगलात सहलीला गेले होते. तीन नद्यांच्या संगमाचा तो रमणीय प्रदेश. तिथे त्यांना माडिया गोंड समाजाचे उपेक्षित जीवन दिसले. त्या सहलीत कुणी सेवाकार्याचा कार्यक्रम आखला नव्हता. पण १९७३ साली हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आपले आयुष्य तिथे घातले. सहल काही दिवसांची होती. सेवा नंतर सुरू झाली आणि ती दशकांच्या मापाने मोजावी लागली. सहल पाहण्यासाठी असते आणि सेवा राहण्यासाठी, असा भेद यावरून करता येईल.

दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तो सेवेसाठी घराबाहेर पडला नव्हता. तो आपल्या कामाचा प्रवासी होता. वाटेत जखमी माणूस दिसल्यावर त्याने जरुरीचे तेवढे केले, त्याला उतारशाळेत नेले, खर्चाचे पैसे दिले आणि परत येण्याचे वचन देऊन तो पुढे गेला. त्यानंतरची शुश्रूषा उतारशाळेच्या रखवालदाराने केली असणार. त्या रखवालदाराचे नाव आपण क्वचितच घेतो. आपली सहलीची मुले त्या प्रवाशासारखी आहेत, आणि जे तिथे वर्षानुवर्षे राहिले ते रखवालदारासारखे. प्रवाशाने रखवालदाराचा मान स्वतःकडे घेऊ नये.

या विचारातून काही साध्या गोष्टी निघतात. निघण्यापूर्वी संस्थेला विचारावे की तुम्हांला आमचे येणे सोयीचे आहे काय आणि कोणते काम हवे आहे. नको असे उत्तर आले, तर ते मानावे. काम मिळाले तर ते तिथल्या माणसांच्या देखरेखीखाली करावे. भांडी घासणे पदरी आले तरी ते कमी लेखू नये. आपल्या जेवणखाण्याचा खर्च आपण द्यावा. खाऊ वाटण्याचे समारंभ टाळावेत आणि तिथे बनलेल्या वस्तू किंमत देऊन घ्याव्यात. कुणाचे नाव विचारताना आपलेही नाव सांगावे. पत्रकात ‘सेवाकार्य’ ऐवजी ‘भेट व श्रमानुभव’ असा मथळा छापावा. शब्द बदलल्याने माणूस बदलत नाही हे खरे, पण चुकीच्या शब्दाने तो निश्चित बिघडतो.

आणि परतल्यावर? सहलीचे खरे मूल्यमापन आपल्या घरी व्हायचे आहे. शाळेची स्वच्छतागृहे धुणाऱ्या बाईंचे नाव मुलाला आता ठाऊक आहे काय? शेजारच्या घरात अंथरुणाला खिळलेल्या आजोबांपाशी तो अर्धा तास बसतो काय? ज्या पाड्यावरून आपल्याकडे कामाला माणसे येतात, तिथली वाट त्याने कधी पाहिली आहे काय? या कामांना गाडीभाडे लागत नाही आणि त्यांची छायाचित्रेही कुणी काढीत नाही. मुलगा ती करू लागला, तर सहलीचे पैसे सार्थकी लागले असे समजावे. आणि तो घरी येऊन नुसता वाघाचे वर्णन करीत राहिला, तर त्याच्यावर रागावू नये. ज्यांनी घराची दारे लावून घेतली त्यांची गोष्ट त्याला आपण सांगावी, आणि आपले दार उघडे आहे की नाही हे त्याच्यादेखत एकदा तपासून पाहावे.