लिंगाची ओळ आणि बाजाराची ओळ

दोन वर्षांपूर्वीच्या माघात अथणी तालुक्यातील एका सद्भक्ताच्या घरी पूजेचा योग आला. घरामागे दहा गुंठ्यांची द्राक्षबाग आहे. पूजेच्या ताटात टपोरे घड होते. यजमान हात जोडून म्हणाले, "अप्पा, ही औषध न मारलेल्या ओळीची आहेत. लिंगाला आणि घरच्यांना आम्ही तीच ठेवतो. बाकीची बाजाराला."

बोलणाऱ्याच्या मनात श्रद्धाच होती. आम्हीही प्रसन्नपणे प्रसाद घेतला. त्या आधीही दोन हंगाम त्याच ओळीची द्राक्षे मठात येत होती आणि आम्ही त्यांची गोडी वाखाणीत होतो. परतताना गाडीत मात्र ते शेवटचे वाक्य मनात फिरू लागले: बाकीची बाजाराला.

बुरशी मारण्यात हिंसा आहे का, असा प्रश्न तरुण भक्त कधी कधी विचारतात. दयेविषयीचे बसवण्णांचे वचन आपल्याला पाठ असते, म्हणून तो उठतो. पण आपण दूध उकळतो, लोणच्यात मीठ घालतो, तेव्हाही सूक्ष्म जीवांना थारा देत नाही. अन्न राखण्यासाठी एवढे करावेच लागते. आमच्या मते खरा प्रश्न वेगळा आहे. फवारा पानावर पडतो, पण तो पानाशी थांबत नाही. तो पंप पाठीवर घेणाऱ्याच्या श्वासात जातो, मातीत उतरतो आणि कधी कधी खाणाऱ्याच्या ताटापर्यंत पोहोचतो. तेथे कोण बसले आहे?

पुढच्या खेपेस आम्ही यजमानांना हे विचारले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "अप्पा, एक वर्ष मी काहीच मारले नाही. ऑक्टोबर छाटणी झाली, फुटी निघाल्या आणि पाऊस लागला. आठवडाभर आभाळ. पानांवर तेलकट पिवळे डाग, खालून पांढरी बुरशी. फुलोऱ्यातले घड बघता बघता वाळले. सोसायटीचे कर्ज मात्र वाळले नाही. मठाला बाग नाही, म्हणून तुम्हाला हे सोपे वाटते."

हे आम्हाला लागले, आणि लागायलाच हवे होते. केवडा ज्याने पाहिला नाही, त्याने फवारणी सोडण्याचा उपदेश करू नये. शिवाय आणखी एक गोष्ट त्या दिवशी ध्यानात आली. ती न फवारलेली ओळ जगते कशी? चहूबाजूंच्या ओळींवर फवारणी होते, तेथे रोग वाढत नाही, म्हणून या ओळीवर रोगाचा मारा कमी येतो. ज्या घडांना आम्ही शुद्ध म्हणत होतो, त्यांची शुद्धता शेजारच्या ओळींच्या आधाराने उभी होती.

या केवड्याचा इतिहासही विचार करण्याजोगा आहे. तो मूळचा अमेरिकेचा. १८७८ मध्ये तो फ्रान्समध्ये आढळला आणि तेथील बागा उजाड होऊ लागल्या. मेदोक भागातले बागाईतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत. हेतू असा की येणाऱ्याजाणाऱ्याने निळसर डाग पाहून घाबरावे आणि द्राक्षे चोरू नयेत. १८८२ मध्ये प्राध्यापक मिलार्दे यांच्या लक्षात आले की रोगाने इतर वेलींची पाने गळाली, पण या वेलींची टिकली. १८८५ मध्ये त्यांनी तो उपाय प्रसिद्ध केला. तेच आपले बोर्डो मिश्रण. म्हणजे पहिली फवारणी वाटसरूला कळावी म्हणूनच केलेली होती! आज कित्येक औषधांचा रंगही दिसत नाही. काही तर अंतरप्रवाही असतात, पानाच्या आत शिरतात, ती धुऊन जात नाहीत. आपण त्यांना 'औषध' म्हणतो, पण डब्यावरचा रंगीत त्रिकोण विषाची पायरी सांगत असतो. मोरचूदही निरुपद्रवी नाही. तांबे मातीत साठत जाते. सेंद्रिय शेतीत त्याला परवानगी असली, तरी युरोपात सात वर्षांत हेक्टरी २८ किलोंची मर्यादा आहे.

त्याच गावातला एक तरुण युरोपला द्राक्षे पाठवतो. त्याच्या वहीत प्रत्येक फवारणीची तारीख, मात्रा आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे याचा हिशेब आहे. न ठेवून चालतच नाही. २०१० मध्ये वाढनियंत्रकाच्या अंशामुळे भारतीय द्राक्षांची खेप युरोपात अडकली, ती आठवण बागाईतदार विसरलेले नाहीत. मग बेळगावच्या बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बाईच्या गिऱ्हाइकासाठी ही वही का नाही? तेथे प्रयोगशाळा नाही म्हणून?

आपल्या धर्मात जंगम हे लिंगाचे मुख मानले आहे. लिंगाला अर्पण केलेले जंगमाच्या मुखातून पोहोचते. बाजारातून पावशेर द्राक्षे नेऊन तापाने फणफणलेल्या मुलाला देणारा बाप जंगम नव्हे काय? लिंगासाठी एक ओळ आणि जंगमासाठी दुसरी, ही वाटणी आम्हाला मान्य करता येईना.

आयदक्की लक्कम्मांची कथा आपण जाणता. मारय्या एके दिवशी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ वेचून आले, तेव्हा त्या माउलीने ते परत टाकून यायला लावले. बागेतही असा जास्तीचा तांदूळ असतो. आभाळ आले की भीती वाटते, दुकानदार दोन डबे जास्त देतो, आणि गरज दोनदाची असता चारदा फवारले जाते. फुटी विरळ ठेवल्या, वारा खेळू दिला, पाने लवकर वाळू दिली, तर यातले काही तरी टळते. सगळे टळत नाही, हे यजमानांनी आम्हाला आधीच शिकवले होते.

आम्ही त्यांना एवढेच म्हटले, "अण्णा, पुढच्या वर्षी मठाला बाजाराच्या ओळीची द्राक्षे पाठवा." ते गप्प राहिले. त्यांच्या सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "मग थांबायचे दिवस मोजावेच लागतील."

यंदा फाल्गुनात दोन किलोंची पेटी आली. सोबत नातवाच्या अक्षरात चिठ्ठी होती. शेवटची फवारणी कोणत्या तारखेला, कशाची, तोडणी कोणत्या तारखेला. पंप मारणाऱ्या गड्याला हातमोजे आणि तोंडाला फडके दिल्याचेही लिहिले होते. आम्ही तारखा बोटांवर मोजल्या, घड पाण्यात ठेवून धुतले आणि लिंगाला अर्पण केले. घरच्या ओळीपेक्षा मणी मोठे होते. साल मात्र थोडी जाड लागली.