व्रताचा भार कोणी वाहावा

परक्या देशात राहावयास गेलेल्या माणसाला तेथील भाषा अवगत होण्याच्या कितीतरी आधी तेथील पंगतीत बसावे लागते, आणि त्या पंगतीचे नियम कोणी बोलून दाखवीत नसल्यामुळे ते बहुधा मोडल्यानंतरच कळतात. या अवघडलेपणाकडे केवळ सवयीचा प्रश्न म्हणून पाहण्याची रीत आहे. काही महिन्यांत हात वळतो, जीभ रुळते आणि प्रश्न मिटतो, असे मानले जाते. वस्तुतः त्यात नवागताने काय सोडावे, काय राखावे आणि जे राखावयाचे त्याचा भार कोणी वाहावा, हा नीतीचा प्रश्न गुंतलेला असतो. टोकियोच्या एदोगावा विभागातील निशी-कासाई परिसरात भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती झाली असून जपानात नोकरीनिमित्त गेलेल्यांत मराठी माणसेही आहेत. म्हणून जपानी भोजनाच्या रीतींच्या आधारे हा प्रश्न तपासणे योग्य ठरेल.

तेथील काही नियमांचा उगम थेट मृत्यूच्या विधींत आहे. मृताच्या उशाशी भाताचा वाडगा ठेवून त्यात जेवणाच्या काड्या उभ्या खोवण्याची प्रथा असल्यामुळे एरवीच्या भातात काड्या उभ्या रोवणे घरच्यांना असह्य होते. तसेच दहनानंतर नातेवाईक अस्थी काड्यांनी उचलून, कित्येकदा एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत देऊन, अस्थिकलशात ठेवतात, म्हणून जेवताना एखादा घास काड्यांतून काड्यांत देणे वर्ज्य मानले जाते. ज्या घरांत दक्षिणेकडे तोंड करून पान मांडीत नाहीत आणि पिंडदानाच्या भाताची आठवण मंगल प्रसंगी होऊ देत नाहीत, तेथून गेलेल्या माणसाला या संकोचाचे मर्म समजावून सांगण्याची गरज नसावी. असे नियम तर्काची वाट न पाहता पाळावेत, कारण ते पाळण्यात नवागताचे काहीच खर्ची पडत नाही आणि मोडल्यास दुसऱ्याच्या दुःखाला धक्का लागतो.

हात, ओठ आणि आवाज यांच्याविषयीचे नियम मात्र निराळ्या जातीचे आहेत. जपानात भाताचा वाडगा हातात उचलून जेवणे सभ्यपणाचे, तर शेजारच्या कोरियात तोच वाडगा मेजावरून उचलणे असभ्यपणाचे समजतात. सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया सुर्र असा आवाज करीत ओढून खाण्याला जपानात कोणी नावे ठेवीत नाही. पाली विनयपिटकात भिक्षूंच्या रोजच्या वर्तनाचे जे ७५ ‘सेखिय’ नियम आहेत, त्यांत असा आवाज काढीत जेवणे स्पष्टपणे निषिद्ध आहे, आणि तरीही बौद्ध धर्म शतकानुशतके ज्या समाजात मुरला, त्या समाजाने शेवयांपुरती ही मोकळीक घेतली. आमटीचा भुरका मारून जेवणाऱ्या मराठी घरांतही इंग्रजी शिष्टाचाराच्या प्रभावाखाली मुलांना त्याबद्दल दटावले जाऊ लागले, हे लक्षात घेतले म्हणजे अशा नियमांवरून कोणत्याही समाजाची सुसंस्कृतता जोखणे किती अन्यायाचे आहे ते कळते. उष्ट्याच्या कल्पनेविषयीही असेच म्हणावे लागेल: जपानी घरात प्रत्येकाचा भाताचा वाडगा आणि काड्यांची जोडी बहुधा वेगळी असते, त्यामुळे उष्टे-खरकटे पाळणारी माणसे केवळ आपणच, हा समज तेथे गळून पडावयास हवा.

खरी कसोटी लागते ती व्रताच्या ठिकाणी. जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’ हा रस्सा असून तो बहुधा कोंबू हे समुद्री शेवाळ आणि वाळवून किसलेला कात्सुओ मासा यांपासून काढतात. किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली ज्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले, तिचा शोध त्याला कोंबूच्या दाशीतच लागला होता. मिसोच्या सारात, शिजवलेल्या भाज्यांत, शेवयांच्या रश्श्यात दाशी असतेच, मात्र माशाचा तुकडा कोठेही दिसत नाही. अशा वेळी शाकाहारी पाहुणा दिसत नाही ते नाहीच असे धरून जेवतो, तेव्हा तो स्वतःची फसवणूक करतो. आणि वाढलेले पान समोर आल्यावर नकार देतो, तेव्हा दिवसभर राबलेल्या यजमानिणीला तो आपल्या व्रताची शिक्षा देतो. या दोहोंत दुसरे वर्तन अधिक गंभीर मानले पाहिजे, कारण व्रत ज्याने घेतले त्यानेच त्याची किंमत मोजली पाहिजे, आणि ती किंमत म्हणजे आमंत्रण स्वीकारतानाच, संकोच बाजूला ठेवून, आपण काय खात नाही हे नेमक्या शब्दांत कळविणे होय. असे कळविणे यजमानाच्या संस्कृतीचा अधिक्षेप करीत नाही. झेन मठांतून वाढलेल्या ‘शोजिन र्‍योरी’ या निरामिष पाकपद्धतीत कोंबू आणि वाळवलेली शिताके अळंबी यांचीच दाशी करतात, आणि दोगेन या आचार्याने १२३७ साली मठातील स्वयंपाक्याच्या कर्तव्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून स्वयंपाकाला साधनेची प्रतिष्ठा दिली.

१८८३ साली वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेलेल्या आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण येथे महत्त्वाचे आहे. त्यांनी तेथे आपला शाकाहार सोडला नाही. परंतु न्यू जर्सीतील रोझेल गावी ज्या कार्पेंटर कुटुंबात त्या उतरल्या, त्या घरच्या गृहिणीशी त्यांचा पत्रव्यवहार आधीपासून चाललेला होता, त्यामुळे आचारविचारांची ओळख झालेली पाहुणी त्या घरात आली. त्यांच्या निग्रहाचे कौतुक नेहमी होते, पण त्या निग्रहाला पत्रांनी जी वाट करून दिली तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही.

प्रौढांचे व्रत निदान त्यांनी पत्करलेले असते. मुलांवर मात्र ते आईवडिलांकडून आलेले असते, आणि म्हणून जपानी शाळेतील जेवणाचा विचार अधिक काळजीने करावा लागतो. १९५४ च्या कायद्याने पायाबद्ध झालेल्या ‘क्युशोकु’ या शालेय भोजनात वर्गातील सर्वांना एकच जेवण मिळते, ते मुलेच पाळीपाळीने पांढरा झगा आणि टोपी घालून वाढतात, आणि वर्गात एकत्र बसून जेवतात. तेथे घरचा डबा उघडणारे एकटे मूल जे एकाकीपण सोसते, त्याचे उत्तरदायित्व पालकांना झटकता येणार नाही. शिक्षकांशी आधी बोलून कोणते पदार्थ चालतील हे ठरविणे, ते जमत नसेल तर शक्यतो शाळेतील पदार्थासारखाच पदार्थ डब्यात देणे, आणि मूल विचारण्याइतके मोठे झाले की हे व्रत त्याला स्वतःचे वाटते का याचे त्याचे उत्तर नीट ऐकून घेणे, एवढे तरी त्यांच्याकडून अपेक्षित आहे. डबा आणणाऱ्या मुलाला वाढण्याच्या पाळीतून वगळा, अशी विनंती काही पालक सोवळेपणापोटी करू पाहतील. ती त्यांनी करू नये, कारण वर्गासाठी राबण्याचा जो वाटा त्या मुलाला मिळतो, तो त्याने काय खाल्ले यावर अवलंबून नाही.