गटाचं घर

गडचांदूरचा एक पोरगा गावाचा ऑनलाइन गट चालवायचा. कोरपना, राजुरा, जिवती या तिन्ही तालुक्यांतली माणसं त्यात होती. शिवाय बापाच्या सिमेंट कारखान्यातल्या नोकरीमुळे इथं वाढलेली आणि पुढे नागपूर, पुणे, हैदराबादला पांगलेलीही. कापसाला आज काय भाव, चंद्रपूरला कोणाला रक्त हवंय, अमलनाला भरला का, सगळं तिथंच कळायचं. एका सकाळी, ज्या बड्या कंपनीच्या जागेवर हा गट होता तिनं पोराचं खातं बंद केलं. कारण एका ओळीचं, तेही छापील. दाद मागायला माणूस नाही. खात्याबरोबर गटही गेला.

पोरगा जिद्दीचा. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं तेव्हा, २०१९ साली, बरेच भारतीय मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर गेले होते, हे त्याला ठाऊक होतं. तिथली रीत वेगळी. सगळ्यांचा मिळून एक मालक नसतो. ज्याला जमेल त्यानं आपला सर्व्हर थाटावा. अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाची एक खुली नियमावली आहे, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं २०१८ साली मान्य केलेली. तिच्या आधारे हे सर्व्हर एकमेकांशी बोलतात. लेमीसारख्या प्रणालीत त्यावर गटही करता येतात. म्हणजे नागपूरच्या सर्व्हरवरचा माणूस नवं खातं न काढता गडचांदूरच्या गटात लिहू शकतो.

पोरानं घरच्याच जुन्या संगणकावर सर्व्हर उभा केला. पुण्याच्या आणि नागपूरच्या मित्रांनी आपापले केले. गट परत भरला. पहिल्याच दिवशी त्यानं लिहिलं, ‘आता आपल्यावर कोणी मालक नाही.’

पण गटाची चावी एकट्या त्याच्याकडे होती. पुण्याच्या एकानं सिमेंट कारखान्याच्या धुळीबद्दल तिखट लिहिलं. पोराचा पगार त्याच कारखान्याचा. त्यानं ते काढून टाकलं. का, असं विचारणाऱ्यालाही काढलं. आधीच्या कंपनीनं निदान एक छापील ओळ तरी धाडली होती!

मग पावसाळ्यात वीज कडाडली आणि संगणक जळाला. पुणे-नागपूरच्या सर्व्हरवर जुन्या मजकुराच्या नकला शाबूत होत्या. वाचता येत होतं, लिहिताही येत होतं. मात्र पुण्याचं लिहिलेलं पुण्यातच राहायचं, नागपूरला पोचायचं नाही. कारण अशा गटाला एक घर असतं. लिहिलेलं आधी त्या घरी जातं आणि तिथून सगळ्यांना वाटलं जातं. घरच बंद, तर वाटणार कोण?

त्या आठवड्यात गडचिरोलीतल्या कोरचीहून मामा आले होते. पोरगा जळका संगणक उघडून बसलेला. मामांनी विचारलं, त्यानं सगळं सांगितलं.

“सर्व्हर किती होते म्हणतोस?”

“तीन, मामा.”

“आन् निर्णय कोण घेई?”

पोरगा गप्प.

“बाबू, आमच्या कोरची तालुक्यात गावोगावी ग्रामसभा हायेत. आपल्या जंगलाचं काय करायचं, हे ज्याची त्याची ग्रामसभा ठरवते. पण तेंदूपत्त्याच्या ठेकेदारासमोर एकेकटं गाव गेलं, तं तो भाव पाडते. म्हणून नव्वदेक ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली. ते गावाची मालक नोहे. गावानं दिलं तेवढंच काम तिचं.”

मग मामा मेंढा-लेखावर आले. धानोरा तालुक्यातल्या या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्याच गावची. तिथं निर्णयाला मतदान घेत नाहीत. सगळ्यांची सहमती होईस्तोवर बोलत राहतात.

“लई वेळ जात असंल,” पोरगा म्हणाला.

“जाते ना. पण मंग ‘मले कोणी इचारलं नाही’ असं म्हणाले कोणी उरत नाही.”

मामा दुसऱ्या दिवशी कोरचीला गेले. पोरानं पुण्याच्या त्या काढलेल्या माणसाला स्वतः फोन केला. माफी मागितली की नाही ते माहीत नाही. बोलणं मात्र लांबलं.

गटाचं नवं घर नागपूरच्या सर्व्हरवर झालं. चाव्या तिन्ही गावच्या तिघांकडे. मजकुराची नक्कल रोज पुण्याला, सर्व्हरचा खर्च वर्गणीतून. नियम ठरायला बराच काळ गेला, कारण प्रत्येक नियमावर कोणीतरी अडून बसायचंच. ‘काढलेल्या मजकुराचं कारण सगळ्यांना दिसलं पाहिजे’ हा नियम पुणेकरानं आणला. नोकरी लावून देणाऱ्या दलालांच्या जाहिरातींवर एकमत झालंच नाही. तेव्हा दलालांचा ज्या सर्व्हरवर अड्डा होता तो नागपूरकरांनी आपल्यापुरता तोडला. मग अडचण आली: गटाचं घरच नागपूरला, म्हणजे त्या जाहिराती कोणाकडेच पोचेनात. पुणेकर पुन्हा भांडले. शेवटी दलालांसाठी वेगळा गट पुण्याच्या सर्व्हरवर निघाला. ज्याला हवं त्यानं तिथं जावं. या व्यवस्थेवर आजही सगळे खूश नाहीत.

मध्यंतरी पोरानंच चिडून एकाला वाईटसाईट लिहिलं. नागपूरची चावी जिच्याकडे होती त्या मुलीनं ते काढलं आणि खाली कारण लिहिलं. चावी पोराकडेही होती. त्यानं कारण वाचलं आणि मजकूर परत लावला नाही.