शाळेला सांगायचं का?

विरार पूर्वेचं चंदनसार. नऊ वर्षांच्या मुलीला अपस्मार असल्याचं नुकतंच निदान झालंय. सोमवारपासून शाळा. सासू-सून बोलत बसल्यात.

सासू : गोळ्या चालू आहेत ना? मग कशाला सांगायचं? फिट येते म्हटलं की पोरी शेजारी बसायच्या नाहीत. पुढे लग्नाचंही बघायचंय.

सून : आई, लग्न रद्द करायला अपस्मार हे कारण चालायचं, ते हिंदू विवाह कायद्यातूनही 1999 मध्ये काढून टाकलंय.

सासू : कायदा बदलला गं, माणसं बदलली का?

सून : सगळी नाही बदलली. म्हणून तर भीती वाटते. वर्गात फिट आली आणि कुणी कांदा हुंगवला, दातांत चमचा कोंबला तर? तिला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर तडक हॉस्पिटल. बाईंना हे कोण सांगणार?

सासू : बाईंना सांग. पण गावभर नको.

सून : गावभर कशाला? ज्या बाईंच्या भरवशावर तिला सोडतो, त्यांना कळायलाच हवं. मैत्रिणींना काय सांगायचं ते तिचं तिला ठरवू दे.

सासू : एवढीशी पोर काय ठरवणार?

सून : पाहुणे आले की ती गोळ्यांचं पाकीट पोळ्यांच्या डब्यामागे सरकवते. तिला असं करायला कुणी सांगितलं? आपण गप्प बसतो, त्यातून ती शिकली.

सासू : ...आणि सायकल?

सून : हेल्मेट घालून, सोसायटीच्या आवारात. विरार फाट्याच्या रस्त्यावर नाही. पाण्यात एकटी कधीच नाही. पण खेळ बंद करायचा नाही.

सासू : उघड बोलून कुणाचं भलं झालंय?

सून : पुण्यात यशोदा वाकणकरांनी स्वतःचा अपस्मार उघड सांगितला, ‘संवेदना’ हा आधारगट उभा केला. किती घरांना धीर आला असेल!

सासू : आपल्या पोरीला कुणी हिणवलं तर?

सून : हिणवतीलही. तेव्हा आपण तिच्या बाजूने उभं राहू. पण लपवून ठेवलं, तर तिला एकटीलाच भ्यावं लागेल.

सासू : मग आधी तिला विचार. सोमवारी शाळेत मीही येते.

नियमित औषधांनी दहापैकी सात जणांच्या फिट थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. मुलाशी बोला, मग वर्गशिक्षकांना भेटून प्रथमोपचार कागदावर लिहून द्या. आणि शिक्षकांनो, ही माहिती मुलाच्या जिवासाठी दिलेली आहे. ती तितक्याच जपणुकीनं सांभाळा.