जमा कुणाच्या खाती?

हवापालट हा शब्द आमच्या घरात फक्त सौभाग्यवतींच्या गुडघ्यांच्या संदर्भात निघतो. गोळ्या झाल्या, शेजारच्या काकूंचं तेल झालं; शेवटी 'वज्रेश्वरीला जाऊन दोन दिवस कुंडात बसा' असा सल्ला मिळाला. सल्ला फुकट असल्यामुळे मी तो ताबडतोब मान्य केला.

ठाणे जिल्ह्यातलं हे ठिकाण तसं ऐतिहासिक. चिमाजी अप्पांनी वसई जिंकण्यासाठी देवीला नवस केला आणि १७३९ मध्ये वसई हाती आल्यावर देऊळ बांधून तो फेडला, असं सांगतात. बोललेलं देणं फेडणाऱ्या माणसाविषयी बँकवाल्याला आदर वाटायचाच!

जवळच अकलोली, गणेशपुरी. तानसा नदीच्या काठाकाठानं गरम पाण्याची कुंडं. काठावर उभं राहून मी हिला विज्ञान समजावलं. म्हटलं, "यात चमत्कार काही नाही. पावसाचं पाणी खडकातल्या भेगांतून खोल मुरतं, पृथ्वीच्या पोटात तापतं आणि भेगांतूनच वर येतं. अशी कुंडं खाली रत्नागिरीकडे तुरळ, उन्हवऱ्यालाही आहेत. गरम पाण्यानं अंग मोकळं होतं, एवढंच. ते घरच्या बादलीनंही होईल."

"होईल की," ही पाय पाण्यात सोडत म्हणाली, "पण बादलीपाशी बसू कोण देतंय?"

मी विज्ञान आवरतं घेतलं.

दोन दिवस ही बसली. चहा आयता, जेवण खानावळीत, दुपारी उतरलो होतो तिथल्या बागेत आंब्याखाली झोप. परतीच्या दिवशी देवळाच्या पायऱ्या ही भराभर चढली. मागे धापा टाकत होतो तो मी.

घरी आल्यावर प्रश्न पडला, की हा गुण जमा कुणाच्या खाती करायचा? आई म्हणाली, देवीच्या. काकू म्हणाल्या, गंधकाच्या. मीही गंधकाच्या बाजूनं मत देणार होतो, कारण त्यात सोय होती. गुण पाण्याचा ठरला, की माझं देणं एस.टी.च्या तिकिटापाशी संपतं. पण तो गुण विश्रांतीचा ठरला तर? कॉमर्सला पहिल्याच वर्षी शिकवतात, की एकीकडे जमा असली की दुसरीकडे नावे असतंच. मग गेल्या अठरा वर्षांची न मिळालेली विश्रांती कुणाच्या नावे टाकायची? देवीच्या तर नक्कीच नाही. माणूस देवाला, पाण्याला, हवेला इतक्या उदारपणे श्रेय का देतो, हे मला त्या रात्री कळलं. त्यांच्याकडून उलट हिशेब येत नाही.

सोमवारी पहाटे उठून चहा मी केला. ही पाय वर घेऊन खुर्चीत बसली. एक घोट घेतला, कपात बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली,

"पाणीच जास्त झालंय. पण गुण आहे हो पाण्याला!"