मागून येणाऱ्याचा दिवा

मोटारीच्या पाठीमागें लावलेला दिवा कोणाचा, हा प्रश्न प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. मोटार ज्याची त्याचा दिवा, असें उत्तर कोणीही देईल. परंतु दिव्याची किंमत देणारा आणि दिव्याचा उपयोग ज्याला होतो तो, हे येथें एक नसतात. पुढच्या दिव्यांनीं हांकणाऱ्याला रस्ता दिसतो. मागचा दिवा त्याच्या दृष्टीस पडतसुद्धां नाहीं. तो मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठीं असतो, आणि त्या माणसाचा जीव कित्येकदां त्यावर अवलंबून असतो.

अलीकडे कांहीं मोटारींच्या पाठीवर, दोन तांबड्या दिव्यांच्या मधोमध, कारखान्याचें बोधचिन्हही रात्रीं प्रकाशूं लागलें आहे. २०२३ सालीं फोक्सवॅगन कंपनीनें टुआरेग मोटारीच्या नव्या आवृत्तीवर आपलें चिन्ह युरोपांत तांबड्या प्रकाशांत झळकविलें. आमच्या मिरा-भाईंदरसारख्या शहरांत तेवढी महाग मोटार घेण्याचेंही कारण नाहीं. चिन्हामागें बसवावयाची दिव्याची चकती बाजारांत सुटी मिळते, आणि ती पांढरी, निळी, हव्या त्या रंगाची.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०८ व्या नियमाचें सार असें कीं, वाहनानें पुढें तांबडा प्रकाश दाखवूं नये व मागें तांबड्याशिवाय दुसरा दाखवूं नये. अपवाद मोजके आहेत: वळण्याची खूण करणारा पिवळा दिवा, मोटार मागें घेतांना लागणारा पांढरा दिवा, क्रमांकाच्या पाटीवरचा दिवा, असे. कारखान्याच्या चिन्हाला त्यांत स्थान नाहीं. तेव्हां पांढरें अगर निळें चिन्ह उघडच नियमाबाहेरचें झालें. तांबडें चिन्ह मात्र निदान ह्या नियमाच्या शब्दांत सांपडत नाहीं. आणि आमच्या मतें तेंच अधिक आक्षेपार्ह होय. पांढऱ्या चिन्हाची फुशारकी फुशारकी म्हणून ओळखतां तरी येते. रस्त्यावरच्या तांबड्या प्रकाशाला आजवर दोनच अर्थ होते: 'मी येथें आहें' आणि, तो एकदम उजळला म्हणजे, 'मी थांबतों आहें'. भर पावसांत रात्रीं काशिमिऱ्याच्या चौकाकडे सरकणाऱ्या रांगेंत, कांचेवरून पाणी वाहत असतां, मागच्या हांकणाऱ्याला ह्या दोन अर्थांखेरीज दुसरा आधार नसतो. त्याच रंगांत, बहुधा त्याच उंचीवर, ज्याचा अर्थ कांहींच नाहीं असा तिसरा दिवा आपण लावतों.

प्रकाश जितका अधिक तितकी मोटार ठळक दिसेल, मग तक्रार कसली, असें कोणी म्हणेल. मिरा-भाईंदरचाच भाग असलेल्या उत्तनच्या नाखव्यास हें विचारावें. होडीची डावी बाजू तांबड्या दिव्यानें, उजवी हिरव्यानें व पाठ पांढऱ्यानें ओळखावयाची, हा दर्याचा संकेत. समुद्रावरील टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत ह्याच्याही पुढें जाऊन सांगितलें आहे कीं, सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत, ठरलेल्या दिव्यांशीं घोटाळा होईल किंवा त्यांचें वैशिष्ट्य मंद होईल असा दुसरा दिवा दाखवूंच नये. समुद्रावर उजेड थोडा म्हणून हा नियम झालेला नाहीं. ठरलेल्या खुणांत भलती खूण मिसळली कीं खरी खूणही अविश्वसनीय होते, हें त्याचें कारण.

मालमोटारींच्या पाठीवरचें 'हॉर्न ओके प्लीज' महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं बंद केलें. त्या अक्षरांनीं गोंगाट वाढविला हें खरें. तरी तीं मागच्या माणसाला उद्देशून होतीं, एवढें श्रेय त्यांना दिलें पाहिजे.

मोटारीच्या पाठीवर वाचण्यासारखें एकच आहे, तें म्हणजे तिचा क्रमांक. नियमकर्त्यांनीं तें ओळखलें होतें. मागचे तांबडे दिवे १५५ मीटरवरून दिसावे आणि क्रमांक पांढऱ्या प्रकाशांत १५ मीटरवरून वाचतां यावा, असें १०५ व्या नियमांत आहे. धक्का देऊन पळालेली मोटार कोणत्या कारखान्याची, हें कळून जखमी माणसाच्या हातीं फारसें लागत नाहीं. क्रमांकानें मालक सांपडतो. म्हणून त्या पाटीवरचा उजेड सार्वजनिक हक्काचा. चिन्हावरचा उजेड कारखान्याची जाहिरात करतो, आणि तिचे पैसे मोटार घेणारा हौसेनें भरतो!

अधिकाराच्या दिमाखाचा दिवा आपल्या देशांत १ मे २०१७ पासून मोटारींच्या टपावरून उतरला. मंत्र्यांचा दिवा गेला त्याचा आनंद ज्यांनीं मानला, त्यांतीलच कांहीं आज स्वतःचा दिवा विकत घेत आहेत. ह्यांत ढोंग आहे असें आम्ही म्हणत नाहीं. मोठेपणा दिसावा ही इच्छा जुनी आहे, व दिवसाउजेडीं ती चकचकीत धातूच्या चिन्हानें भागवून घेण्यास आमची हरकत नाहीं.

समुद्रावरील त्या नियमांतील एक वाक्य रस्त्याच्या नियमांत घातलें तर रंगाचा वाद उरणार नाहीं: ठरलेल्या दिव्यांशीं घोटाळा होईल असा कोणताही दिवा, मग तो तांबडा कां असेना, मागें लावूं नये. तोंपर्यंत तपासणीस मोटार थांबवील तेव्हां चिन्हाचा रंग पाहण्याबरोबर क्रमांकाच्या पाटीवरचा दिवा लागतो कीं नाहीं, तेंही त्यानें पाहावें. तो बंद पडल्याचें मालकाला बहुधा ठाऊकच नसतें.