पात्यावरचे नाव आणि भट्टीतला कर्ता

आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, मराठी मुलखात शस्त्रांची व अवजारांची पूजा होते. खंडा म्हणजे सरळ, रुंद पात्याची तलवार. मात्र घराण्याच्या तलवारीला गंध-फूल वाहिले जाते तेव्हा वंदन नेमके कोणाला पोचते, लोखंडाला, ती चालवणाऱ्या पूर्वजाला की ती घडवणाऱ्या लोहाराला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

न्यायदर्शन, म्हणजे प्रमाणांची चिकित्सा करणारे भारतीय तर्कशास्त्र, कार्याची तीन कारणे मानते. ज्यात कार्य समवेत राहते ते समवायी कारण, येथे लोखंड. अवयवांचा संयोग हे असमवायी कारण. आणि या दोहोंखेरीज जे जे कार्याला आवश्यक ते निमित्त कारण, ज्यात लोहार, अग्नी, घण हे सारेच येतात. ‘निमित्त’ हा शब्द व्यवहारात ‘केवळ निमित्त’ असा हलका झाला असला तरी नैयायिकांना तो हलका नाही, कारण उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वराची सिद्धी याच वाटेने केली आहे: जग हे कार्य आहे, कार्याला कर्ता असतो, म्हणून जगालाही तो आहे. या अनुमानाने अनाम लोहारही तितकाच सिद्ध होतो. फक्त अनुमान कर्त्याचे अस्तित्व देते, नाव देत नाही.

लोहाराचे खरे कर्तृत्व मराठीने ‘पाणी’ या शब्दात साठवले आहे. तापलेले पाते पाण्यात बुडवून त्याला धार टिकेल असा कठीणपणा आणणे म्हणजे पाणी देणे. ते जास्त झाले तर पाते ठिसूळ होऊन तुटते, कमी झाले तर वाकते. ते पाणी वाफ होऊन जाते, पण पाते पाणीदार राहते. जपानी लोहार पात्यावर मातीचा लेप कमीजास्त जाडीचा देऊन हीच क्रिया करतात, त्यामुळे धार कठीण आणि पाठ लवचीक राहते. भट्टीभोवती पवित्र दोर बांधून, पांढरी वस्त्रे नेसून घडवण्याचे काम धर्मकृत्यासारखे करण्याची परंपराही तेथे आहे. तेथील लोहार आपले नाव मुठीत दडणाऱ्या शेपटावर कोरतो, मूठ काढल्याखेरीज ते दिसत नाही. कामाकुरा काळातला विख्यात मासामुने तर फार थोड्या तलवारींवर नाव ठेवून गेला.

मराठ्यांकडे याच्या उलट दिसते. वऱ्हाडात चौथाई वसूल करणाऱ्या नागपूरकर भोसल्यांतील पहिल्या रघूजींची तलवार 2025 मध्ये लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने मिळवली. ती फिरंग, म्हणजे युरोपीय पात्याची, असून पात्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघूजींचे नाव व ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब आहे. तलवार चालवणाऱ्याला नाव मिळावे यात गैर काही नाही, पण भट्टीतल्या कर्त्याचा त्या लेखात मागमूस नाही, आणि ‘कार्याला कर्ता असतो’ असे ईश्वरासाठी आग्रहाने मांडणाऱ्या संस्कृतीला ही विसंगती शोभत नाही.

खंडेनवमीलाच लोहार आपली ऐरण, भाता आणि घण धुऊन मांडतो व त्यांना हळदकुंकू वाहतो.